पंपाची जोडणी आणि डायल गेज

विहिरीवरचा किंवा नदीकांठचा पंप कुरकुरूं लागला म्हणजे मिस्त्री येतो, शाफ्ट हातानें फिरवून पाहतो, पेंचकसाचें एक टोंक बेअरिंगवर व दुसरें कानाशीं धरून ऐकतो, आणि "शाफ्ट वांकला आहे" किंवा "लाइन गेली आहे" असा निकाल देतो. पुष्कळदां हा निकाल बरोबरही असतो. जुन्या कारागिराचें बोट व कान फार शहाणे असतात, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु निकाल बरोबर असो वा चूक, पैसे देणाऱ्या शेतकऱ्यास तो पडताळून पाहण्याचें साधन हातीं नसतें. जमिनीच्या बाबतींत आपण असें कधींच चालवून घेत नाहीं. हद्दीचा वाद निघाला तर मोजणीदारानें कोणत्या दगडापासून माप धरलें, तें कोठें नेलें, नकाशांत किती आलें व जागेवर किती भरलें, हें प्रत्येक खातेदार बांधावर उभा राहून डोळ्यांत तेल घालून पाहतो. लोखंडाची हद्द पाहण्याचेंही तसेंच एक साधन आहे. त्यास डायल गेज किंवा डायल इंडिकेटर म्हणतात; कारखान्यांत नुसतें "डायल" म्हटलें कीं भागतें. तें कसें बांधावें, कसें वाचावें, आणि वाचलेल्या आंकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हें यंत्र दिसावयास खिशांतील घड्याळासारखें असतें, आणि हें साम्य केवळ वरवरचें नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं वॉल्थम म्हणून गांव आहे. तें घड्याळांच्या कारखान्यामुळें प्रसिद्धीस आलें. तेथील जॉन लोगन यानें १८८३ सालीं या जातीच्या मापकाच्या पेटंटासाठीं अर्ज केला. घड्याळांतील बारीक दांतेरी चाकेंच येथेंही आहेत. खालीं बाहेर आलेली जी बारीक दांडी असते तिला प्लंजर म्हणतात. तिच्या अंगावर दांते कापलेले असतात. दांडी आंत दबली कीं ते दांते एका लहान चाकास फिरवितात, तें मोठ्यास, मोठें पुन्हां लहानास. अशा रीतीनें दांडीची नखाच्या जाडीहून कमी हालचाल कांट्याच्या टोंकाशीं बोटभर होऊन दिसते. चाकांच्या दांत्यांत जी किंचित् मोकळीक राहते ती एक केसासारखी बारीक स्प्रिंग सदैव एकाच बाजूस दाबून धरते, म्हणून कांटा पुढें जातांना व मागें येतांना सहसा एकच बोली बोलतो.

आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या डायलवर शंभर घरें असतात व एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. कांट्याचा एक पुरा फेरा म्हणजे १ मिलिमीटर, आणि असे किती फेरे झाले तें आंतील लहान तबकडीवरचा छोटा कांटा सांगतो. सुतार ज्याला सूत म्हणतो तें इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारें ३.१८ मिलिमीटर. एका सुतांत डायलचीं तीनशेंहून अधिक घरें बसतात, यावरून हें माप किती बारीक आहे तें ध्यानांत यावें. तबकडीभोंवतालचें कडें फिरवितां येतें. त्यायोगें कांटा जेथें उभा असेल तेथें शून्य आणून ठेवतां येतो. दांडी आंत गेली कीं कांटा उजवीकडे फिरतो, तें अधिक; बाहेर आली कीं डावीकडे, तें उणे. एवढें समजलें म्हणजे यंत्राची ओळख झाली.

परंतु ओळख होणें वेगळें व उपयोग करतां येणें वेगळें. येथें पहिली गोष्ट मनांत पक्की ठसविली पाहिजे ती ही कीं, डायल कोणत्याही वस्तूचें माप सांगत नाहीं. तो फक्त फरक सांगतो. शाफ्टचा व्यास किती हें पाहावयाचें असल्यास व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर घ्यावा. तोच शाफ्ट एका जागीं दुसऱ्या जागेपेक्षां किती उंच आहे, फिरतांना किती सरकतो, हें मात्र डायलच सांगूं शकतो. आणि फरक म्हटला कीं तो कशापासून, हा प्रश्न आलाच. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्यांतील जमिनीची मोजणी ३३ फूट साखळीनें झाली. साखळीचे सोळा आणे, व साखळी लांब साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. साखळी कितीही अचूक असली तरी ज्या दगडापासून ती धरली तो दगडच कोणी रात्रींतून हातभर सरकविला, तर मोजणी सगळी फुकट. डायलचा दगड म्हणजे ज्यावर तो बांधला तो स्टँड. स्टँड हलला तरी कांटा फिरतो, आणि शाफ्ट हलला तरी कांटा फिरतो. कोणामुळें फिरला हें कांट्यास ठाऊक नसतें. म्हणून डायलच्या कामांत वाचनास चार आणे महत्त्व असेल, तर बांधणीस बारा आणे आहे.

बांधणीसाठीं लोहचुंबकाचा स्टँड मिळतो. त्याची कळ फिरविली कीं तो लोखंडास घट्ट धरतो, परत फिरविली कीं सुटतो. तळाशीं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खांच असते, ती गोल नळीवर किंवा शाफ्टवर बसविण्यासाठीं. ज्या जागीं बसवावयाचा ती जागा आधीं खरडून, पुसून स्वच्छ करावी. रंगाचा पापुद्रा, गंज, ग्रीसचा थर किंवा लेथवरचा एखादा कीस जरी मध्यें राहिला, तरी चुंबक वरून घट्ट वाटतो आणि आंतून डुलतो. अॅल्युमिनियमवर चुंबक मुळींच धरत नाहीं, व पातळ पत्र्यावर धरला तरी पत्राच वांकतो. अशा ठिकाणीं शिकंजा वापरावा. स्टँडच्या दांड्या शक्य तितक्या आंखूड ठेवाव्या. लांब पसरलेला हात थरथरतो हें माणसास लागू आहे तितकेंच स्टँडलाही लागू आहे. सांध्यांचे स्क्रू घट्ट आवळावे. मात्र डायलची मान जेथें पकडीत धरतात तेथें बेतानेंच आवळावें, कारण ती नळी पोकळ असून आंतून प्लंजर सरकतो, व जास्त आवळल्यास तो आंतच अडकून बसतो.

नंतर डायल पुढें सरकवून प्लंजर कामास टेंकवावा आणि कांटा अर्धा ते एक फेरा फिरेल इतका आंत दाबून ठेवावा. हा दाब दिला नाहीं तर वस्तु खोलगट भागीं आली कीं प्लंजर अधांतरीं राहतो, कांटा स्वस्थ उभा राहतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं सर्व कांहीं ठीक आहे. दाब दिल्यावर कडें फिरवून शून्य कांट्याखालीं आणावा व कड्याचा स्क्रू लावून टाकावा.

प्लंजर कामाच्या पृष्ठभागाशीं काटकोनांत असला पाहिजे, आणि गोल शाफ्ट असेल तर त्याचा रोंख शाफ्टच्या बरोबर मध्याकडे पाहिजे. विहिरींत तिरकी शिडी लावली तर शिडीची लांबी विहिरीच्या खोलीपेक्षां जास्त भरते. तसेंच तिरका प्लंजर खरा फरक फुगवून दाखवितो. सपाट पृष्ठावर दहा अंश तिरपा झाला तर शंभराचे सुमारें एकशें दीड, वीस अंशांत एकशें सहा, व तीस अंशांत एकशें पंधरा होतात. दहा अंशांची चूक आपल्या कामांत खपून जाईल. तीस अंशांची खपणार नाहीं. जेथें प्लंजर शिरत नाहीं अशा अडचणीच्या जागीं तरफेचा डायल वापरतात. त्याची बारीक सोंड पृष्ठभागाशीं जवळजवळ समांतर ठेवावी लागते. नवशिक्यानें त्याच्या मागें लागूं नये.

आतां बांधणीची परीक्षा. ही केल्यावांचून एकही आंकडा वहींत उतरवूं नये, असा नियमच करावा. प्रथम प्लंजर बोटानें किंचित् उचलून हळूच सोडावा, असें चार-पांच वेळां करावें. दर वेळीं कांटा त्याच घरावर परत आला पाहिजे. मग स्टँडच्या दांडीस बोटानें हलका रेटा द्यावा; कांटा थोडा हलेलच, पण बोट काढतांच शून्यावर यावा. परत येत नसेल तर सांधा सैल आहे. शेवटीं काम एक पुरा फेरा फिरवून पहिल्याच खुणेवर आणावें. सुरवातीस शून्य होता आणि फेरा संपल्यावर चार घरें आहेत, तर मधले सर्व आंकडे रद्द. ते चार घरें कोठून आलीं हें शोधून काढावें आणि पुन्हां आरंभ करावा. कित्येक कारागीर हें पाहतच नाहींत. तेव्हां मालकानें जवळ उभें राहून नम्रपणें एवढेंच म्हणावें, "दादा, पुन्हां शून्यावर आणून दाखवा." खरा कारागीर या प्रश्नानें रागावत नाहीं.

सरावासाठीं पंपाचीच वाट पाहावयास नको. लेथच्या पाटावर किंवा एखाद्या जाड सपाट लोखंडी तुकड्यावर स्टँड बसवावा, प्लंजर खालीं टेंकवून शून्य लावावा, प्लंजर उचलावा, त्याखालीं या मासिकाचें एक पान सरकवावें आणि प्लंजर हळूच सोडावा. साधारण छापील कागदास दहा घरांच्या आंतबाहेर कांटा दाखवील. पान घडी करून दुप्पट ठेवल्यास आंकडाही दुपटीच्या जवळ यावा. मग फीलर गेजचें ०.१० किंवा ०.२० लिहिलेलें पातें घेऊन तोच प्रयोग करावा. पात्यावरील आंकडा व कांट्याचें उत्तर जुळलें म्हणजे यंत्र व हात दोन्ही कामास लायक झाले. घरांतील शाळकरी मुलांस हा प्रयोग करूं द्यावा. त्यांची नजर आपल्यापेक्षां तीक्ष्ण असते, आणि चाळशी शोधण्याचा वेळ वांचतो.

पुढें शाफ्ट. मोटारीचा किंवा पंपाचा सुटा शाफ्ट वांकला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो दोन व्ही ब्लॉकांवर, बेअरिंगें बसतात त्याच जागीं टेंकवून ठेवावा. एका टोंकाशीं कांहीं अडसर ठेवावा, म्हणजे फिरवितांना तो लांबीच्या बाजूनें सरकणार नाहीं. मधोमध डायल लावून शाफ्ट हातानें सावकाश फिरवावा आणि कांटा जास्तींत जास्त व कमींत कमी कोठें गेला तें खडूनें शाफ्टवरच खूण करून लिहावें. चावीच्या खांचेजवळ आल्यावर प्लंजर उचलून धरावा. तो खांचेंत पडला तर टोंक मोडतें. समजा, कांटा एकीकडे अधिक ९ व दुसरीकडे उणे ७ घरें गेला. एकूण हालचाल १६ घरें, म्हणजे ०.१६ मिलिमीटर. येथें "शाफ्ट ०.१६ वांकला आहे" असें सर्रास सांगण्यांत येतें, व तें चूक आहे. शाफ्टचा मध्य खऱ्या मध्यापासून जितका ढळला असेल तितका तो एकदां डायलकडे येतो आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तितकाच दूर जातो. म्हणून कांट्याची एकूण हालचाल ढळण्याच्या दुप्पट असते. प्रस्तुत शाफ्ट ०.०८ ढळला आहे. दुरुस्तीच्या पोटीं पैसे मोजणाऱ्यानें ही दुप्पट-निमपट विसरूं नये; वांक खरोखर आहे त्याच्या दुप्पट ऐकून घाबरून नवा शाफ्ट घेणारे पुष्कळ. आणखी एक: एका फेऱ्यांत कांटा एकदांच वर जाऊन एकदांच खालीं आला तर शाफ्ट वांकडा, दोनदां वर व दोनदां खालीं आला तर शाफ्ट लंबगोल झिजला आहे. पहिला प्रेसखालीं सरळ करतां येतो, दुसरा होत नाहीं.

हल्लीं पुष्कळ ठिकाणीं मोटार व पंप एकाच शाफ्टवर असलेले मोनोब्लॉक किंवा पाण्यांत बुडणारे सबमर्सिबल पंप आहेत. त्यांत जोडणीचा प्रश्न शेतावर सोडवावयाचा नसतो. तेथें डायलचें काम वर सांगितलें तेवढेंच, व तें दुरुस्तीच्या दुकानांत. परंतु जेथें मोटार किंवा इंजिन एकीकडे व पंप दुसरीकडे असून मध्यें कपलिंग आहे, तेथें दोन शाफ्ट एका रेषेंत आणणें हेंच अर्धें काम आहे. नदीवरच्या उपसा योजनांतून असे संच पुष्कळ आढळतात, आणि त्यांतील एकाची हकीकत येथें देतों.

आमच्या बाजूस कांहीं शेतकऱ्यांची सामायिक योजना आहे. मोटारीच्या कपलिंगांतील रबरी बुशांचा दर पंधरवड्यास भुगा होऊं लागला, मागून मोटारीच्या पुढील अंगाचें बेअरिंग वर्षांत दोनदां गेलें. ऐन वैशाखांत ऊंस उभा, पाण्याच्या पाळ्या चुकलेल्या. भागीदारांत दोन तट पडले. एक तट म्हणे, पंप जुना झाला, कर्ज काढून नवा संच घ्यावा. दुसरा म्हणे, चालविणारा गडी निष्काळजी आहे, त्याचा पगार कापावा. बैठकींत भाषा अशी वाढली कीं दोन सख्खे भाऊ एकमेकांशीं बोलेनासे झाले. अखेर डायल लावून पाहावें असें ठरलें, तें भांडण थोपविण्यासाठींच.

काम सुरूं करण्यापूर्वीं एक सूचना, आणि ही सर्वांत महत्त्वाची. बऱ्याच स्टार्टरांस ऑटो स्विच बसविलेला असतो. वीज आली कीं मोटार आपोआप सुरूं होते. शेतीची वीज जाते-येते हें वाचकांस सांगावयास नको. म्हणून स्टार्टर बंद करून भागत नाहीं. मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढावे व ते काम करणाऱ्यानें स्वतःच्या खिशांत ठेवावे. कपलिंगवर हात असतांना वीज आली तर हात राहत नाहीं.

पहिली पाहणी मोटारीच्या पायांची केली. डायलचा स्टँड खालच्या लोखंडी चौकटीवर ठेवून प्लंजर मोटारीच्या एका पायावर टेंकविला, शून्य लाविला, आणि त्याच पायाचा बोल्ट ढिला केला. मग तो आवळून दुसरा पाय, तिसरा, चवथा. तीन पाय जागचे हलले नाहींत. मागचा डावा पाय बोल्ट सुटतांच ३५ घरें वर उसळला. म्हणजे त्या पायाखालीं ०.३५ मिलिमीटर पोकळी होती, व बोल्ट आवळला कीं मोटारीचें अंगच पिळवटत होतें. चार पायांचा पाट लंगडा असला म्हणजे जेवणारा डुलतो. येथें डुलण्यास वाव नाहीं, म्हणून बेअरिंग त्याचें देणें देत होतें. ०.०५ पेक्षां जास्त उसळी असली तर तिची भरपाई आधीं केली पाहिजे. ती न करितां पुढील वाचन घेणें व्यर्थ. त्या पायाखालीं तितक्या जाडीचें पितळी पॅकिंग दिलें.

नंतर स्टँड पंपाच्या कपलिंगवर बांधला आणि प्लंजर मोटारीच्या कपलिंगच्या घेरावर टेंकविला. दोन्ही अर्ध्यांवर समोरासमोर खडूच्या खुणा केल्या, व दोन्ही शाफ्ट बरोबरच फिरविले. याचा लाभ असा कीं प्लंजर सदैव घेराच्या एकाच ठिकाणीं टेंकतो, आणि घेर ओबडधोबड असला तरी त्याची चूक वाचनांत शिरत नाहीं. डायल माथ्यावर असतांना शून्य लाविला. पंपाकडून मोटारीकडे तोंड करून पाहतां उजव्या बाजूस अधिक ०.२०, तळाशीं अधिक ०.६०, डाव्या बाजूस अधिक ०.४० आलें, व माथ्यावर परत शून्य. तळाशीं डायल वाचण्यास पूर्वीं हातांत आरसा धरीत. आतां मोबाइलनें फोटो काढला तर आंकडे उलटे दिसत नाहींत. मात्र कांटा कोणत्या अंगानें फिरत गेला यावर आरंभापासून नजर ठेवावी, नाहींतर अधिकचें उणे होऊन बसतें.

या चार आंकड्यांचा ताळा करण्याची एक सुरेख रीति आहे, आणि जन्मभर जमाबंदीच्या बेरजा ताडून पाहिलेल्या माणसास ती विशेष आवडली यांत नवल नाहीं. दोन्ही बाजूंची बेरीज ही माथा व तळ यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. येथें ०.२० व ०.४० मिळून ०.६०, शून्य व ०.६० मिळूनही ०.६०. ताळा जमला. दोन-तीन घरांचा फरक राहिला तर चालेल. जास्त राहिल्यास स्टँड हलला, वाचन चुकलें किंवा प्लंजर अडकला असें समजून सर्व पुन्हां करावें.

आतां अर्थ पाहूं. तळाशीं अधिक म्हणजे मोटारीचा घेर खालच्या अंगास डायलच्या जास्त जवळ. अर्थात् मोटार पंपापेक्षां खालीं आहे, आणि दुप्पट-निमपटीच्या नियमानें ०.३० खालीं. उणे आलें असतें तर मोटार वर असती. बाजूंच्या आंकड्यांत फरक ०.२०, त्याचा निम्मा ०.१०, आणि अधिक आंकडा डावीकडे म्हणून मोटार तितकी डावीकडे सरकलेली.

तरीही काम संपलें नाहीं. दोन शाफ्ट कपलिंगपाशीं एका उंचीवर आले तरी एक दुसऱ्याशीं तिरपा असूं शकतो. त्यासाठीं प्लंजर मोटारीच्या कपलिंगच्या तोंडावर, शाफ्टच्या लांबीच्या दिशेनें टेंकविला. मोटारीचा शाफ्ट किंचित् मागें-पुढें सरकतो, म्हणून प्रत्येक वाचनापूर्वीं तो एकाच बाजूस रेटून धरला. माथ्यावर शून्य, दोन्ही बाजूंस उणे ०.०६, तळाशीं उणे ०.१२. ताळा पुन्हां जमला. प्लंजर ज्या वर्तुळावर फिरला त्याचा व्यास १५० मिलिमीटर होता. येथें निमपट करावयाची नसते. १५० मिलिमीटरांत ०.१२ चा उतार, असेंच धरावें. तळाशीं फट जास्त, म्हणजे मोटारीचें तोंड खालीं झुकलेलें व मागची बाजू उंचावलेली.

पुढचें सर्व त्रैराशिक आहे. कपलिंगपासून मोटारीचे पुढचे पाय १५० मिलिमीटर व मागचे पाय ४५० मिलिमीटर अंतरावर. १५० स ०.१२ तर ४५० स ०.३६. कपलिंगपाशीं मोटार ०.३० खालीं आहे. मागें जावें तसतशी ती चढते. पुढच्या पायापाशीं ०.१२ चढली, म्हणून तेथें उणीव ०.१८ राहिली, मागच्या पायापाशीं ०.३६ चढली, म्हणजे तेथें ती ०.०६ जास्तच वर आहे. तेव्हां पुढच्या दोन्ही पायांखालीं ०.१८ घालावें व मागच्या दोन्ही पायांखालचें ०.०६ काढावें. बाजारांत मिळणारे पत्रे पाहून पुढें ०.२० घातलें व मागचें ०.०५ काढलें. बाजूचे १० घर उजवीकडे सरकविण्यासाठीं डायल मोटारीच्या पायाच्या अंगास लावून बोल्टाच्या रेट्यानें मोटार ढकलली. बोल्ट आवळून पुन्हां वाचन घेतलें, तेव्हां तळाशीं उणे ०.०४ आलें, म्हणजे ०.०२ चा फरक. इतका फरक राहूं द्यावा. कांटा अगदीं शून्यावरच आला पाहिजे म्हणून दिवसभर झगडणारे लोक मीं पाहिले आहेत. हा नाद निरर्थक आहे. मिनिटास सुमारें १४४० फेऱ्यांच्या मोटारीस ०.१० पर्यंत ढळ चालतो व ०.०५ च्या आंत आणल्यास उत्तम. २८८० फेऱ्यांच्या मोटारीस मात्र ०.०५ च्या पुढें जाऊं देऊं नये. पंप बनविणाऱ्यानें आपल्या पुस्तिकेंत याहून कडक मर्यादा दिली असल्यास ती पाळावी.

या सर्व कामास तीन माणसें व सकाळचे पांच तास लागले. पितळी पत्र्यांखेरीज कांहीं विकत आणावें लागलें नाहीं. नवे बुश घातले ते त्या उन्हाळ्यांत बदलावे लागले नाहींत, कर्जाचा ठराव मागें घेण्यांत आला, आणि गड्याचा पगार कापण्याचा विषय कोणी पुन्हां काढला नाहीं. ते दोन भाऊ बोलूं लागले कीं नाहीं, हें डायलवर दिसत नाहीं.

येथें एक खांच आहे. डायल कपलिंगवर लांब दांडीच्या आधारें बांधला असेल तर दांडी स्वतःच्या वजनानें लवते, आणि तळाशीं गेल्यावर वाचन खोटें उणे दाखविते. हें पाहण्यासाठीं तोच स्टँड तसाच एका जाड सरळ नळीवर बांधावा, माथ्यावर शून्य लावून नळी अर्धा फेरा फिरवावी. नळी वांकलेली नाहीं, फेरा खरा आहे. तरी कांटा उणे ६ दाखवीत असेल तर तें दांडीच्या लवण्याचें माप समजावें व पंपावरच्या तळाच्या वाचनांत तितकें मिळवावें. दांडी वीतभर असेल तर हा प्रश्न क्वचित् उद्भवतो. तसेंच, इंजिन तापलेलें असतांना किंवा मोटारीच्या एकाच अंगावर ऊन पडत असतांना वाचन घेऊं नये. लोखंड उष्णतेनें वाढतें, आणि आपण शतांशांच्या गोष्टी करीत आहों.

डायलचे इतर उपयोग थोडक्यांत सांगतों. बेअरिंग झिजलें आहे कीं नाहीं हें पाहण्यास शाफ्टवर डायल लावून शाफ्टखालीं लाकडी तरफ घालून हलकेच उचलावें. कांटा जितका उडाला तितकी मोकळीक. इंजिनाचा क्रँकशाफ्ट लांबीच्या बाजूनें किती खेळतो तें टोंकाशीं डायल लावून पुढें-मागें रेटल्यानें कळतें. फ्लायव्हील, मळणीयंत्राची मोठी पुली, कडबा कुट्टीचें चाक हीं डगमगतात ती शाफ्टमुळें कीं चावी सैल झाल्यामुळें, हेंही दोन ठिकाणीं डायल लावल्यानें उघड होतें. ट्रॅक्टरच्या मागील गिअरांची मोकळीकही डायलनेंच मापतात. पण तें काम ज्याचें त्यानेंच करावें.

एकट्या शेतकऱ्यानें डायल घ्यावाच असें मी म्हणत नाहीं. दहा-पंधरा पंपधारकांनीं किंवा सोसायटीनें मिळून १० मिलिमीटर चालीचा, ०.०१ घराचा एक डायल, एक चुंबकी स्टँड, फीलर गेजची जुडी व निरनिराळ्या जाडीचे पितळी पत्रे एवढें घेऊन ठेवावें. घेतांना प्लंजर सावकाश दाबून व सोडून पाहावा. कोठेंही अडखळतां कामा नये. उसनें नेणाऱ्याची नोंद ठेवावी, आणि प्रत्येक पंपासाठीं वहीचें एक पान राखून त्यावर तारीख, चार पायांची उसळी, घेराचीं चार वाचनें, तोंडाचीं चार वाचनें आणि घातलेलें पॅकिंग लिहावें. दुसऱ्या वर्षीं तेच आंकडे पुन्हां घेतले म्हणजे पाया खचतो आहे कीं बेअरिंग झिजतें आहे हें जुन्या पानाशेजारीं नवें ठेवूनच दिसतें. डायल पाडूं नये, हातोडीचें काम चालूं असतां तो लावून ठेवूं नये, आणि प्लंजरला तेल कधींही घालूं नये. तेलानें धूळ धरते व दांडी चिकटूं लागते. स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसून, स्टँडवरून काढून, त्याच्याच पेटींत ठेवावा.